चिमणी राखलीत, खड्ड्याचं काय?

बंद पडलेल्या वीटकारखान्यांच्या जमिनींचे आराखडे करणाऱ्या, तपासणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या सर्व मंडळींस,

स. न. वि. वि.

जुन्या वीटकारखान्याच्या जागेचा आराखडा हाती पडला की मी त्यात दोन गोष्टी शोधतो. पहिली चिमणी. ती सापडायला वेळ लागत नाही. मुखपृष्ठावरच असते, तिरप्या उन्हात न्हालेली, पायथ्याशी कारंजं आणि सायकलवरचं एक मूल. दुसरी गोष्ट म्हणजे खड्डा, ज्यातून कारखान्यानं जन्मभर माती काढली तो. त्याच्यासाठी पानं उलटत बरंच मागे जावं लागतं. तिथे 'भराव व सपाटीकरण' या मथळ्याखाली त्याची दोन ओळींत बोळवण झालेली असते, आणि तीही बहुधा खर्चाच्या तक्त्यात.

हे पत्र त्या दोन ओळींबद्दल आहे.

चिमणीशी माझं वैर नाही. ती उंच असते, लांबून दिसते, गावाची खूण होऊन बसते. तिच्यासाठी लोक सह्या गोळा करतात, हे चांगलंच आहे. पण चिमणीनं एकही वीट केलेली नाही. तिचं काम धूर ओढून वर नेण्याचं. वीट झाली खड्ड्यात आणि भट्टीत. तुमच्या आराखड्यांमध्ये मात्र चिमणीला 'वारसा' म्हणतात, भट्टीला 'अडचण' आणि खड्ड्याला 'वाया गेलेली जमीन'. ही क्रमवारी कोणी, कधी ठरवली हे मला आजवर कळलेलं नाही. उंचीवरून ठरवली असावी.

एक हिशोब करून पाहू. इंग्लंडमध्ये बेडफर्डशायर परगण्यात स्टुअर्टबी नावाचं गाव आहे. तिथला वीटकारखाना १९३० च्या दशकात जगातला सर्वांत मोठा गणला जाई. भर जोरात असताना वर्षाला ५० कोटी विटा निघत. आजच्या प्रमाण इंग्रजी विटेचं माप २१५ गुणिले १०२.५ गुणिले ६५ मिलिमीटर. ढोबळ गुणाकार केला तर ५० कोटी विटा म्हणजे सात लाख घनमीटर भाजलेली माती. १० मीटर खोल आणि ७ हेक्टर पसरलेला एक खड्डा दर वर्षी, झाला. बोली भाषेत सांगायचं तर दहा फुटबॉल मैदानं, तीन मजले खोल. आणि हे फक्त एका वर्षाचं. ती माती हवेत विरली नाही. शाळांच्या, गिरण्यांच्या, हजारो घरांच्या भिंतींत जाऊन बसली. शहराचा जमाखर्च मांडायचा झाला तर खर्चाची बाजू या खड्ड्यात आहे.

मुळात कारखाना तिथेच का उभा राहिला, याचं उत्तरही खड्ड्यातच मिळतं. स्टुअर्टबीच्या परिसरातली माती म्हणजे खालच्या थरातली ऑक्सफर्ड क्ले. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या या गाळात कुजलेल्या जिवांचा कार्बन भरपूर. त्यामुळे भट्टीत एकदा ताव चढला की विटेच्या पोटातला कार्बनच जळू लागतो आणि वरून द्याव्या लागणाऱ्या कोळशात मोठी बचत होते. पीटरबरोजवळच्या फ्लेटन गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे गणित लोकांच्या लक्षात आलं, आणि या विटेला फ्लेटन हेच नाव पडलं. वीट स्वस्त झाली ती या मातीमुळे. पुढचं सगळं, म्हणजे रेल्वेचे फाटे, भट्ट्यांच्या रांगा, कंपनीनं वसवलेलं गाव आणि १९५० च्या दशकात दक्षिण इटलीतून भरती करून आणलेले मजूर, हे त्या एका थराच्या मागोमाग आलं. शेजारच्या बेडफर्ड शहरात आजही मोठी इटालियन वस्ती आहे. तिचं मूळ शोधत गेलात तर एका मातीच्या थरापाशी पोचाल.

कारखाना २००८ मध्ये थांबला. उरलेल्या चार चिमण्या २०२१ मध्ये सुरुंग लावून पाडल्या. चिमण्या पडताना पाहायला लोक जमले, बातम्या झाल्या, चित्रफिती फिरल्या. खड्ड्यांची बातमी होत नाही. त्यांतले काही तळी झाले, काहींत शहराचा कचरा गेला.

आता खड्ड्याच्या भिंतीविषयी. माझं मुख्य म्हणणं इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टोरंटो शहरातल्या डॉन नदीच्या खोऱ्यात टेलर बंधूंनी १८८९ मध्ये वीटकारखाना काढला. शहराच्या बऱ्याच नामवंत इमारतींना त्याच्या विटा लागल्या. पण जगभरचे भूशास्त्रज्ञ त्या जागेचं नाव घेतात ते विटांमुळे नाही. कामगार माती काढत काढत टेकडीत शिरले तसा खाणीच्या उत्तरेकडे एक उभा कडा उघडा पडला. आर्थर फिलेमन कोलमन नावाचे प्राध्यापक त्या कड्याकडे वारंवार जाऊन पाहत राहिले. तळाशी सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा शेल, म्हणजे गाळ घट्ट होऊन झालेला खडक. त्यावर हिमनदीनं ओढून आणलेला दगडगोट्यांचा राडा. त्याच्यावर वाळू-चिकणमातीचे थर, आणि त्यांत पानं, लाकडं, शिंपले. यांतली काही झाडं आजच्या टोरंटोत आपसूक वाढत नाहीत, बरीच दक्षिणेला आढळतात. त्याच्याही वर पुन्हा थंडीच्या खुणा, पुन्हा हिमनदीचा राडा. म्हणजे बर्फ आलं, गेलं, मधे आजच्याहून उबदार काळ येऊन गेला आणि बर्फ परत आलं. हिमयुग एकदाच झालं की अनेकदा, हा वाद तेव्हा जिवंत होता. या कड्यानं त्यात भक्कम साक्ष दिली. त्याच थरांत अस्वलाएवढ्या महाकाय बीव्हरचे (बीव्हर म्हणजे पाण्याकाठी राहणारा, झाडं कुरतडणारा प्राणी) अवशेषही निघाले.

आता हे लक्षात घ्या: हा कडा निसर्गानं उघडला नव्हता, विटा करणाऱ्यांच्या पहारींनी उघडला. वीटकारखाना नसता तर ही साक्ष टेकडीच्या पोटातच राहिली असती. कारखाना १९८० च्या दशकात बंद झाला आणि त्या जागी घरं बांधायचा बेत पुढे आला. लोकांनी विरोध केला आणि जागा सार्वजनिक मालकीत आली. आज तिथे तळी आहेत, पायवाटा आहेत, जुन्या शेडांमध्ये २०१० पासून एक पर्यावरण केंद्र चालतं, आणि उत्तरेचा कडा जागेवर आहे. खाण पूर्ण भरून काढली असती तर? चिमणी राहिली असती, तिच्यावर दिवेही लागले असते, आणि सव्वा लाख वर्षांपूर्वीचा तो उबदार काळ एखाद्या वाहनतळाखाली गेला असता.

तुमच्या जागेतल्या खड्ड्यात असं काही असेलच, असा माझा दावा नाही. बहुतेक खड्ड्यांच्या भिंतीत माती, वाळू आणि पुन्हा मातीच असते. पण ते ठरवायला एखाद्या जाणकारानं आठ दिवस खोरं घेऊन भिंत साफ करून पाहावी लागते. भरावाच्या निविदेआधी असे आठ दिवस ठेवलेला आराखडा माझ्या पाहण्यात आलेला नाही.

आणि खड्ड्यात फक्त जुनंच असतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ होमबुश इथे सरकारनं १९११ मध्ये स्वतःचा वीटकारखाना काढला, खासगी वीटवाल्यांच्या दरांना लगाम बसावा म्हणून. १९८८ मध्ये तो बंद पडला. पुढे ऑलिम्पिकची तयारी सुरू झाली आणि खाणीच्या जागी टेनिसचं संकुल बांधायचं ठरलं. १९९२ मध्ये त्या खाणीतल्या साचलेल्या पाण्यात हिरवे-सोनेरी बेडूक सापडले. ही जात इतरत्र झपाट्यानं नाहीशी होत होती आणि इथे मात्र, माणसानं ओरबाडून टाकलेल्या ओसाड खड्ड्यात, सुखानं नांदत होती. टेनिस दुसरीकडे गेलं. खाण जशीच्या तशी ठेवली आणि २००५ मध्ये तिच्यावरून साडेअठरा मीटर उंचीवर ५५० मीटर परिघाची गोल पायवाट बांधली. माणसं वरून चालतात, बेडूक खाली राहतात. (विटेच्या पाठीवर चुना-सिमेंट धरायला जी खाच असते तिला इंग्रज गवंडी 'फ्रॉग' म्हणजे बेडूकच म्हणतात. होमबुशला विटा गेल्या आणि बेडूक तेवढे मागे राहिले.)

इतिहास-भूगोल तुम्हाला हौसेचा मामला वाटत असेल तर निव्वळ बांधकामाच्या बाजूनंही पाहा. विटांची माती पाणी सहजी झिरपू देत नाही. म्हणूनच कारखाना बंद पडला की हे खड्डे कचरा टाकायला सोयीचे ठरले. नियम नव्हते त्या काळात कोणी काय टाकलं याची नोंद क्वचित सापडते. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो, भराव कित्येक वर्षं कमीजास्त खचत राहतो, आणि वर बांधलेल्या घराची भिंत अशा कोपऱ्यात तडकते जिथे खड्ड्याची जुनी कड होती. मग तज्ज्ञ बोलावतात, ते जमिनीला भोकं पाडतात आणि मोठ्या रकमेच्या बदल्यात सांगतात की इथे पूर्वी खड्डा होता. जुने नकाशे, विमानातून काढलेली जुनी छायाचित्रं आणि गाड्या रिकाम्या करणारे दोन म्हातारे चालक यांनी हेच फुकटात सांगितलं असतं.

आता भट्टीकडे वळतो, कारण तिथेही तुम्ही एक चूक पुनःपुन्हा करता.

जुन्या मोठ्या कारखान्यांतली भट्टी बहुतेक वेळा हॉफमन पद्धतीची असते. फ्रीडरिश हॉफमन यांनी १८५८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याआधी भट्टी लावायची, भाजायची, विझवायची आणि निवेपर्यंत हातावर हात धरून बसायचं, अशी रीत होती. दर खेपेला सगळी उष्णता आकाशात. हॉफमननी विटा जागेवर ठेवल्या आणि आग फिरती केली. दहा, बारा, सोळा खण एकमेकांना जोडून एक बंद कडं केलं. एका खणात आग. तिच्या पुढच्या खणांत कच्च्या विटा. आगीतून निघालेले गरम वायू त्यांच्यातून जातात, विटा सुकतात, तापतात. आगीच्या मागच्या खणांत भाजून झालेल्या विटा. बाहेरची थंड हवा त्यांच्या अंगावरून आत येते, विटा निवतात आणि हवा तापून आगीपाशी पोचते. त्याच्याही मागे एका खणाची काढणी चाललेली, त्याच्यामागे दुसऱ्याची भराई. आग एकेक खण पुढे सरकत कड्याला प्रदक्षिणा घालते. एकदा पेटलेली आग वर्षानुवर्षं विझली नाही, अशा भट्ट्या होत्या.

अशी भट्टी अजून शाबूत असेल तर मंजुरीची सही करण्यापूर्वी एकदा वाकून आत शिरा. भिंतीला हात लावा. विटांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो, हिरवट-तपकिरी, मधूनच ओघळ गोठलेले. राख आणि मातीतले क्षार तापून तापून भिंतीवर वितळले आहेत ते. वर छताला ओळीनं वाटोळी भोकं दिसतील. आगवाला वर, भट्टीच्या माथ्यावर असे. झाकण उचलायचं, आतला रंग बघायचा, ओंजळ-दीड ओंजळ कोळशाची भुकटी सोडायची, झाकण ठेवायचं, पुढच्या भोकाकडे जायचं. रात्रभर हेच. माती भाजताना आकसते, म्हणून रचलेला थर खाली बसतो. भोकातून सळई सोडून तो किती बसला हे आगवाला मोजी आणि त्यावरून भाजणी पुरी झाली की नाही ते ठरवी. थोडं जास्त झालं की विटा एकमेकींना चिकटून खंगर होत, थोडं कमी पडलं की बोटानं खरवडल्या जाव्यात इतक्या कच्च्या राहत. शेवटी खणांची दारं पाहा. प्रत्येक फेरीला ती विटांनी चिणायची आणि काढणीच्या वेळी फोडायची. चौकटीच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत. पाठीवर आणि हातगाडीवर गेलेल्या लाखो विटांची ती झीज आहे.

आणि तुम्ही काय करता? चार खण 'नमुन्यादाखल' ठेवता आणि बाकीच्यांवरून रस्ता नेता. उरतो तो एक बुटका बोगदा, ज्यात पुढे उपाहारगृह निघतं. कडं तुटलं की हॉफमन भट्टीची कल्पनाच नाहीशी होते. फिरणारी आग चार खणांत फिरणार कुठे? घड्याळाचे काटे ठेवून तबकडी अर्धी कापावी, तसं हे आहे. जागा खरंच कमी असेल तर छप्पर जाऊ द्या, शेडा जाऊ द्या, पण कडं अखंड ठेवा. निदान त्याचा पाया तरी जमिनीवर पूर्ण दिसू द्या.

भट्टीत माणसं कामालाच जात असं नाही. व्हिएन्नाच्या दक्षिणेला वीनरबर्ग नावाची टेकडी आहे. आलोइस मीसबाख यांनी १८१९ मध्ये तिथे विटांचा धंदा सुरू केला. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफ यांनी शहराचा जुना तट पाडायचा हुकूम काढला, त्या जागी रिंगश्ट्रासे हा भव्य रस्ता आणि त्याच्या कडेचे प्रासाद उभे राहिले आणि विटांच्या मागणीला तोटा राहिला नाही. मजूर आले बोहेमिया-मोराव्हियातून, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातून. शहर त्यांना 'त्सीगलब्योम', म्हणजे विटांवरचे बोहेमियन, म्हणून हिणवी. डिसेंबर १८८८ मध्ये व्हिक्टर आडलर हे डॉक्टर गुपचूप त्या आवारात शिरले आणि जे पाहिलं ते त्यांनी 'ग्लाइखहाइट' या आपल्या साप्ताहिकात छापलं. मजुरी रोखीनं मिळत नव्हती. पत्र्याची बिल्ले-नाणी मिळत, आणि ती कारखान्याच्या आवारातल्या दुकान-खानावळीतच चालत. बाहेर त्यांना किंमत शून्य. असा व्यवहार कायद्यानं तेव्हाच बंद होता. एकट्या मजुरांच्या निजण्याची सोय कुठे होती? वापरातून गेलेल्या एका रिंगभट्टीत, म्हणजे वर सांगितलेल्या कड्याच्या भट्टीत. एकेका जागेत ४०, ५०, ७० माणसं.

आज वीनरबर्गच्या खाणीत तळं आहे आणि भोवती हिरवळ. सुंदर जागा आहे. पण तुमच्यापैकी कोणी जुन्या भट्टीचं रूपांतर 'आलिशान निवासात' करायचा प्रस्ताव पुढे ठेवील, तेव्हा भट्टीत राहून गेलेल्या या पहिल्या रहिवाशांची आठवण असू द्या.

याहून काळं एक उदाहरण आहे, आणि ते टाळून हे पत्र पुरं करता येणार नाही. हॅम्बुर्गजवळ नॉयनगामे इथे एक बंद पडलेला वीटकारखाना होता. १९३८ मध्ये तो नाझींच्या एसएस या संघटनेच्या कंपनीनं घेतला आणि तिथे छळछावणी उभी केली, हॅम्बुर्गच्या नियोजित भव्य इमारतींना विटा पुरवण्यासाठी. कैद्यांनी हातांनी माती खणली, डबे ढकलले, मालाची वाहतूक व्हावी म्हणून कालवा खोदला. ही छावणी आणि तिच्या उपछावण्या मिळून किमान ४२,९०० माणसं मेली. युद्ध संपल्यावर शहरानं त्या आवारात काय बांधलं? तुरुंग. पुढे मातीच्या खाणींच्या जागेवर आणखी एक तुरुंग. ही जागा सोयीची होती, सरकारी होती, मोकळी होती, एवढंच कारण. वाचलेल्या कैद्यांनी आणि त्यांच्या नातलगांनी अनेक दशकं तक्रार केल्यावर पहिला तुरुंग २००३ मध्ये आणि दुसरा २००६ मध्ये हलवला. जागा 'मोकळी' आहे असं तुमच्या अहवालात वाचतो तेव्हा मला नॉयनगामेचे ते आराखडे करणारे आठवतात. वाईट माणसं असतील असं मला वाटत नाही. त्यांनी फक्त खड्डा पाहिला नाही.

प्रत्येक वीटकारखान्यात असं काही घडलेलं नसतं, हे उघड आहे. बहुतेक ठिकाणी घडतं ते साधंच: कोणी मुलगा बारा वर्षांचा असताना कच्च्या विटा उलटायला लागला आणि साठाव्या वर्षी काढणी करताना छातीत धूळ घेऊन घरी बसला. पण हे साधंसुधं सापडतं ते हजेरीपटात, उचलीच्या वहीत, अपघातांच्या नोंदीत. कारखान्याला टाळं लागलं की कार्यालयातल्या या वह्या सर्वांत आधी रद्दीत जातात. यंत्रांना निदान भंगाराचा भाव येतो. म्हणून जमीन ताब्यात घेताना कागदही ताब्यात घ्या, करारात तसं लिहून घ्या. आणि मजूर जिथून आले तिथल्या भाषेत त्यांच्याशी बोलणारं कोणी तरी नेमा. मालकाच्या भाषेत विचारलं की मालकाला आवडतील तीच उत्तरं मिळतात.

माहितीफलकांबद्दल एकच विनंती. 'येथे एके काळी विटा तयार होत असत' एवढंच लिहायचं असेल तर फलक लावू नका, खांबाचा खर्च वाचेल. लावणार असाल तर त्यावर खड्ड्याचं मूळ क्षेत्र आणि खोली लिहा, किती वर्षं खणलं ते लिहा, आणि विटा कुठल्या भिंतींत गेल्या त्याची चार नावं द्या.

पुढच्या बैठकीत चिमणीच्या रोषणाईचा विषय निघण्याआधी खड्ड्याचा उभा छेद टेबलावर मागा. तळ कुठे होता, भिंतीत कोणते थर दिसतात, कोणत्या वर्षापर्यंत कुठवर खणत गेले, नंतर कशानं भरलं. एका कागदावर मावेल इतकंच ते आहे. तो कागद कोणाकडेच नसेल, तर तो होईपर्यंत भरावाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहू द्या. त्यासाठी ठराव लागत नाही, ठेकेदाराला एक फोन पुरतो.

कळावे,

आपला,
आराखड्याचं शेवटचं पान आधी वाचणारा एक नागरिक